पुरावस्तूंची निर्यात : बंदी आहे, व्यवस्था कोठे आहे?

(व्याख्यानाचा मजकूर)



घरातील जुनी वस्तू विकणे हा बहुतेक कुटुंबांत हौसेचा व्यवहार नसतो. वाड्याची वाटणी होते, आजारपण येते, मुलीचे लग्न ठरते आणि देवघरातील पितळी मूर्ती, माळ्यावरची सचित्र पोथी किंवा दारावरची कोरीव गणेशपट्टी बाजाराची वाट धरते. पूर्वी ही वाट भंगारवाल्याकडे किंवा मुंबईच्या चोरबाजारातील दलालाकडे जात असे. आज भ्रमणध्वनीवरून छायाचित्र टाकले की समुद्रापलीकडचा ग्राहक भाव विचारू शकतो. मध्यस्थ संपला आणि मालकाच्या हाती खरी किंमत पडू लागली, असा या नव्या बाजाराचा गौरव केला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम कायदा. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. किमान शंभर वर्षे जुनी मूर्ती, चित्र, नाणे वा शिलालेख ही पुरावस्तू होय. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षे पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. देशांतर्गत विक्रीस मनाई नाही. व्यापाऱ्यास मात्र परवाना लागतो. सारांश, खासगी मालकाला आपली पुरावस्तू परदेशी ग्राहकाकडे कायदेशीरपणे पाठविण्याचा मार्गच नाही. सौदा संगणकाच्या पडद्यावर झाला म्हणून त्यात फरक पडत नाही.

तरीही वस्तू जातात. त्या कशा जातात, हे तामिळनाडूतील श्रीपुरंदन गावच्या नटराजाने दाखवून दिले. चोळकालीन मंदिरातून चोरीस गेलेली ही कांस्यमूर्ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे पन्नास लाख डॉलर मोजून विकत घेतली. हा व्यवहार दोन असत्यांवर उभा असतो. निघताना वस्तू नवी, म्हणजे हस्तकलेचा नमुना, ठरविली जाते. पोहोचल्यावर ती जुनी तर होतेच, शिवाय भारतीय कायदा येण्यापूर्वीच देशाबाहेर गेलेली होती असा बनावट कागद तिला जोडला जातो. नटराजाच्या बाबतीत हे असत्य उघडे पडले ते पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने चोरीपूर्वी मंदिरात घेतलेल्या छायाचित्रांमुळे. २०१४ मध्ये मूर्ती परत आली. विक्रेता सुभाष कपूर यास तामिळनाडूतील मूर्तिचोरीच्या एका खटल्यात २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

या प्रकरणातील अर्थशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे. निर्यातबंदीमुळे एकाच वस्तूच्या दोन किमती होतात, एक गावची आणि दुसरी न्यूयॉर्क-लंडनची. मधला सारा फरक, जो धोका पत्करू शकतो आणि खोटा कागद तयार करू शकतो, त्याच्या खिशात जातो. संगणकीय बाजाराने गावच्या मालकाला ही दुसरी किंमत दिसू लागली. परंतु ती घेण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही. म्हणून वस्तू त्याच जुन्या दलालाकडे जाते. मध्यस्थ संपलेला नाही. त्याला आता दुकान लागत नाही, एवढेच.

मग बंदीच उठवावी, असे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील. हा उपाय रोगाहून भयंकर आहे. ज्या देशात संपत्तीची वाटणी इतकी विषम आहे, तेथे खुली निर्यात म्हणजे गरजूंच्या अडचणीचा लिलाव होय. एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणण्याची किंमत समाजालाच मोजावी लागते. १८९८ मध्ये पिप्रहवा येथे बुद्धाच्या अस्थींसमवेत सापडलेल्या रत्नांचा काही भाग उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या कुटुंबाकडे राहिला. २०२५ मध्ये तो हाँगकाँगच्या लिलावात मांडला गेला. भारत सरकारच्या नोटिशीनंतर लिलाव थांबला. पण रत्ने मायदेशी आली ती एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर. त्याच वर्षी नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये खर्चून आणली. तिचे स्वागत झाले ते योग्यच. परंतु परदेशी लिलावगृहापुढे जी तत्परता दिसते, ती खेड्यातील पोथीच्या मालकापुढे का दिसू नये?

ब्रिटनमध्ये १९५२ पासून एक पद्धत रूढ आहे. राष्ट्रीय महत्त्वाची वस्तू परदेशी विकली जाऊ लागली तर निर्यातीचा परवाना काही काळ रोखून धरतात आणि त्या अवधीत देशातील संग्रहालयांना वाजवी किमतीस ती घेण्याची संधी देतात. ब्रिटिश संग्रहालयांत वसाहतींची लूट आहे हे खरे. म्हणून या पद्धतीतील तत्त्व त्याज्य ठरत नाही. समाजाने हक्क सांगावा, पण दामही द्यावा, हे ते तत्त्व होय. भारतीय कायद्यातही मोबदला देऊन पुरावस्तू संपादन करण्याचे कलम आहे. त्यामागे पैसा आणि इच्छा उभी करावयास हवी.

दुसरी गरज नोंदीची. २०१३ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी केंद्राच्या संरक्षणाखालील ९२ स्मारकांचा पत्ता लागत नसल्याचे दाखविले. जेथे इमारती हरवतात, तेथे वीतभर मूर्तीचा हिशेब कोण ठेवणार? वस्तुतः ज्या भ्रमणध्वनीने चोरटी विक्री सोपी केली, त्यानेच नोंदही सोपी केली आहे. प्रत्येक तालुक्यात देवळे, मठ आणि स्वेच्छेने पुढे येणारी घरे यांतील जुन्या वस्तूंचे छायाचित्र, माप व वर्णन शिक्षक, विद्यार्थी आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. चौकटीचा तपशील लोकांसमोर न मांडता तो शासनाच्या सुरक्षित दप्तरी ठेवावा, म्हणजे चोराला यादी मिळणार नाही.

जिल्हा पातळीवर खरेदीचा सार्वजनिक निधी आणि तालुका पातळीवर नोंद, या दोन मागण्या पुरोगामी चळवळीने हाती घेतल्या पाहिजेत. तोपर्यंत बंदीचा सारा भार ज्याच्या घरी वारसा आहे पण पैसा नाही, अशा माणसावरच पडत राहील.