किती टक्के पडले?



दहावीचा निकाल लागला की भेटेल त्या मुलाला आपण एकच विचारतो, "किती टक्के पडले?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, वेळ-प्रसंगाचे भान मात्र नसते.

ही चूक मीही केली आहे. वलीम्याच्या जेवणात ओळखीच्या एका मुलाला मी चारचौघांत हाच प्रश्न केला. तो गणितात नापास झाला होता. ताट तसेच ठेवून तो उठला. शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी मान खाली घातली. पुढे घरी जाऊन मी माफी मागितली, पण तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

विचारायचेच असेल तर एकांतात विचारा, आणि मदतीच्या तयारीने विचारा. नापास विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्यात २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते. तीत पास झाल्यास वर्ष वाचते. हे त्या घरी कुणी सांगितले आहे काय? फॉर्म भरायला सोबत जा, रोज तासभर गणित शिकवा.

आणि विद्यार्थ्यांनो, पास झालात तर पेढे जरूर वाटा; पण नापास मित्राकडे जाल तेव्हा पेढ्यांआधी आपल्या वह्या घेऊन जा.