अडखळणाऱ्याला वेळ द्या

(उलवे येथील परिवार मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सभेतील वक्ता अडखळला की श्रोते हसतात. पण आपण घरातील संभाषण कान देऊन ऐकावे. 'म्हणजे', 'आपलं ते हे', 'काय म्हणतात त्याला' यांवाचून आपली चार वाक्येही पुरी होत नाहीत. यास वाणीचा दोष मानण्याचे कारण नाही. हर्बर्ट क्लार्क व जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ साली इंग्रजी संभाषणाविषयी असे प्रतिपादन केले की, असे उद्गार म्हणजे 'थोडे थांबा, शब्द येतो आहे' ही श्रोत्यास दिलेली सूचनाच असते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या २०११ मधील अभ्यासात तर असे आढळले की, मोठी माणसे अडखळली की दोन वर्षांवरील मुले अनोळखी वस्तूकडे पाहू लागतात. आता नवा शब्द येणार, हे त्यांना उमगते.

प्रश्न असा की, थांबल्यानंतर शब्द कोणता येतो? आपली मायबोली चित्रांतून बोलते. मुलाचा निकाल लागला की आईचा जीव भांड्यात पडतो. उरण-पेणच्या पट्ट्यात खाडी आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसास 'उत्साहाला ओहोटी लागली' किंवा 'खाल्ल्या मिठाला जागला' याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. अशा हजारो प्रयोगांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केला.

उलव्याची टेकडी कापून विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. नवी कुटुंबे आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु सदनिकेत वाढणाऱ्या मुलाने मिठागर पाहिलेले नसते. त्याच्या तोंडी 'म्हणजे'च्या जागी 'ॲक्च्युअली' आणि 'मतलब' येतात. त्याच्यावर रागावून काय साधणार? तो अडखळला की आपणच घाईने त्याचे वाक्य पुरे करतो, नाहीतर 'इंग्रजीत सांग' म्हणतो. मराठी शब्द शोधण्याची त्याची वेळ तिथेच संपते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवावेत. मूल अडखळले तर थांबावे. वाक्प्रचार सहज वापरावा आणि मुलाने विचारले तर त्यामागचे चित्र सांगावे. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना बोलते करावे. कोश कपाटात सुरक्षित राहील. त्यातील शब्द जिवंत ठेवण्याचे काम मात्र आपल्या घरांनाच करावे लागेल.