सुगंध आणि मनाची उभारी



मोगऱ्याच्या वासाने मन प्रसन्न होते, हे आपणांस कोणी शिकवायला नको. पण सुगंधी तेल औषध होऊ शकेल काय? जर्मनीत लव्हेंडरच्या फुलांच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंताग्रस्तांना देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ७७ रुग्णांवरील सहा आठवड्यांच्या चाचणीत ती लोराझेपामच्या गोळीच्या तोडीस उतरली. मात्र ती मोजूनमापून केलेली कॅप्सूल; बाजारातील तेलाची बाटली पोटात घेण्याजोगी नव्हे. नैराश्यावर तर पुरावा अजून तोकडाच आहे.

म्हणून एखादी भगिनी दिवसेंदिवस उदास राहत असेल, तिला अन्नपाणी नकोसे झाले असेल, तर अत्तराच्या फायावर तिची बोळवण करू नका. तिला डॉक्टरांकडे न्या. चालू असलेली गोळी परस्पर बंद करू देऊ नका. सुगंध सोबतीला असू द्या.