नालंदेची वाट, महाविद्यालयांसाठी



19 जून 2024 रोजी राजगीर येथे नालंदा विद्यापीठाच्या नव्या परिसराचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. परकीय आक्रमणात उद्ध्वस्त झालेल्या ज्ञानपीठाचे नाव पुन्हा दुमदुमले, याचा आनंद प्रत्येक भारतीयाला झाला. परंतु हा परिसर कसा उभारला गेला, हे जाणून घेणेही तितकेच अगत्याचे आहे.

प्राचीन नालंदेत विटांच्या जाड भिंती, मध्ये मोकळे अंगण आणि सभोवती भिक्षूंच्या खोल्या अशी रचना होती. बिहारच्या उन्हाळ्यात या भिंतीच आतला गारवा राखीत. पुण्यात जन्मलेले थोर वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या संस्थेने नव्या परिसराची आखणी करताना हाच विचार पुढे नेला. भट्टीत न भाजलेल्या, दाबून घडविलेल्या मातीच्या विटा वापरल्या. 455 एकरांपैकी सुमारे 100 एकरांवर जलाशय राखले. हवेतील बाष्प शोषून ती बाष्पीभवनाने थंड करणारी यंत्रणा योजली. सौर ऊर्जा त्याच्या जोडीला आली. आधी विजेची गरज घटवायची, मग उरलेली गरज सूर्याकडून भागवायची, हा त्यातील क्रम आहे.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. शीत देशांत ऊब आत घेण्यासाठी काच उपयुक्त असते. तीच काच विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयाच्या पश्चिमेला बसविली, की वर्गाची भट्टी होते आणि मग वातानुकूलन यंत्रे अपरिहार्य ठरतात. छतावर सौर पट्ट्या लावून ही चूक झाकता येते, सुधारता येत नाही.

जुन्या इमारतींनाही उपाय आहेत. गच्चीला पांढरा लेप, खिडक्यांवर छज्जे, पश्चिमेला झाडे. जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 ते 35 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते.

वीजबिलावर जाणारा पैसा अखेर ग्रंथालयातून आणि शिष्यवृत्तीतून वजा होतो. आज बांधलेली इमारत पन्नास वर्षे उभी राहणार आहे. म्हणून नकाशावर स्वाक्षरी करण्यापूर्वीच संस्थाचालकांनी ऊन कोठून येते आणि वारा कोठून वाहतो, हे विचारावे. प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी आपल्या इमारतीच्या विजेचा हिशोब दरमहा फलकावर लिहावा. नालंदेचे स्मरण असे कृतीत उतरले पाहिजे.