वादळानंतरची वीज

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. झाडे कोसळली, खांब वाकले, तारा तुटल्या आणि गावे अंधारात गेली. वाणगावसारख्या मिरची पिकवणाऱ्या गावात वीज गेली की घरातल्या दिव्यांबरोबर पाण्याचे पंपही थांबतात.

मग दुरुस्ती एका ठरलेल्या क्रमाने चालते. आधी ३३ केव्हीची वाहिनी आणि उपकेंद्र, नंतर ११ केव्हीचा फीडर, मग गावातले रोहित्र आणि शेवटी घराकडे येणारी लघुदाब तार. रुग्णालये आणि पाणीपुरवठा यांना प्राधान्य असते. पाड्यांवरच्या लांब वाहिन्या जनमित्रांना, म्हणजे वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना, चालत तपासाव्या लागतात. म्हणून शेजारच्या गावात दिवे लागले, तरी आपल्याकडे वेळ लागू शकतो.

तोवर तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा. तारेवरची फांदी स्वतः तोडू नका. जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडू नका. त्याची वीज उलट वाहिनीत शिरून खांबावरच्या कर्मचाऱ्याचा जीव घेऊ शकते. तार तुटलेली दिसताच वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर नेमके ठिकाण कळवा.