शाळेच्या ताटात काय वाढायचं?



टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा आपण सगळे बघतो. कोण जिंकलं, कोण बाहेर गेलं, याची चर्चाही करतो. आज मात्र मला त्याआधीच्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पदार्थ कोणता करायचा, हे कसं ठरतं? आणि ताट शाळेतल्या मुलांचं असेल, तर ते कसं ठरायला हवं?

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये चॅनल फोरवर 'जेमीज स्कूल डिनर्स' ही मालिका आली. जेमी ऑलिव्हर हा नावाजलेला शेफ लंडनच्या ग्रीनिच भागातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात उतरला. एका मुलाच्या जेवणातल्या साहित्यासाठी त्याच्या हातात होते फक्त ३७ पेन्स. त्यानं ताजं आणि चांगलं अन्न शिजवलं, पण मुलांनी ते घेतलंच नाही. त्यांना टर्की ट्विझलर आणि चिप्स हवे होते. शिवाय त्या स्वयंपाकघराच्या प्रमुख नोरा सँड्स आणि त्यांच्या सहकारी बायकांचं काम वाढलं. पाकीट फोडून तळणं वेगळं आणि शेकडो मुलांसाठी भाज्या चिरून शिजवणं वेगळं.

मालिकेनं मोठी खळबळ उडवली. दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि सरकारनं २८ कोटी पौंडांची घोषणा केली. पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पुढच्याच वर्षी रॉदरहॅमजवळच्या एका शाळेच्या कुंपणावरून काही आया मुलांना बर्गर आणि चिप्स पोहोचवत होत्या. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण घरच्यांना न विचारता ताट बदललं की असंच होतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. २०१० मध्ये 'टॉप शेफ' या स्पर्धेचा एक भाग वॉशिंग्टनमधल्या शाळेत झाला. परीक्षकांमध्ये व्हाइट हाउसचे शेफ सॅम कास होते. प्रत्येक गटानं ५० मुलांसाठी जेवण करायचं होतं आणि खर्चाची मर्यादा होती मुलामागे साधारण २ डॉलर ६८ सेंट. मोफत जेवणासाठी तिथलं केंद्र सरकार शाळांना तेव्हा एवढेच पैसे देत असे. मोठमोठ्या हॉटेलांतले शेफ या आकड्यापुढे गडबडले. एकीनं केळ्याच्या पुडिंगमध्ये दोन पौंड, म्हणजे जवळजवळ किलोभर साखर घातली आणि ती बाहेर गेली. दुसरीनं मुलांच्या चिकनमध्ये शेरी वाइन वापरली. जिंकले ते डुकराच्या मांसाचे टॅकोज.

टॅकोज चविष्ट असतील, यात शंका नाही. पण सरकारी शाळेच्या रांगेत मुस्लिम मूल असतं, ज्यू मूल असतं, शाकाहारी घरातलंही असतं. जिंकलेल्या ताटातला मुख्य पदार्थच त्यांना बाजूला ठेवावा लागेल. हॉटेलात आपण दुसरं काही मागवतो. शाळेत मूल ताटात येईल ते खातं, नाहीतर उपाशी राहतं. म्हणून शाळेचा पदार्थ निवडताना 'सर्वात चवदार कोणता?' याच्याबरोबरीनं 'यातून कोण वगळलं जातंय?' हा प्रश्न विचारावाच लागतो.

हा प्रश्न आपण फक्त दुसऱ्यांना विचारायचा नाही. आपल्या कार्यक्रमात बिर्याणीची देग चढते, तेव्हा न खाणाऱ्या मित्रासाठी काय असतं? शेवटी आठवण होऊन मागवलेला वडापाव?

आता आपल्या राज्याकडे या. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रानं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं आणि न खाणाऱ्यांसाठी केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला. वाद रंगला तो शाकाहार विरुद्ध मांसाहार असा. आपण जरा हिशोब मांडू. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं अपेक्षित आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या ताटाच्या निम्मी. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. पण २५ ग्रॅम शेंगदाण्यांत पुन्हा सहा ग्रॅमच्या आसपास! म्हणजे न खाणाऱ्या मुलाला केळ्यासोबत शेंगदाण्याची चिक्की दिली, तर दोघांच्याही ताटाला न्याय मिळतो. एकाचा घास काढून दुसऱ्याची भावना जपायची गरज उरत नाही.

आणि शिजवणारे हात विसरू नका. नियमानुसार शंभर मुलांमागे स्वयंपाकी-मदतनीस फक्त दोन. बहुतेक ठिकाणी त्या बायकाच असतात आणि मानधन अगदी तुटपुंजं. अशा ठिकाणी पुरी-भाजीचा बेत कागदावर छान दिसतो, पण शंभर मुलांच्या पुऱ्या लाटणार कोण? चवळीची खिचडी किंवा शेवग्याच्या शेंगा घातलेलं मुगाचं वरण आणि भात हे त्या दोन बायकांना जमतं, स्वस्त पडतं आणि बहुतेक सगळ्या घरांतली मुलं खातात. चांगला पदार्थ तो, जो जूनमध्ये सुरू झाला तर मार्चमध्येही तसाच शिजत असतो. कॅमेरे निघून गेल्यावरही.

आता तुम्ही काय करायचं? शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २०१० पासून, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू किंवा मराठी शाळेच्या समितीत कोण आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? तुमची अम्मी, खाला, भाभी, शेजारच्या काकू तिथे असू शकतात. त्यांच्याबरोबर बसा. १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी समोर ठेवा आणि आठवड्याचे सहा पदार्थ लिहून काढा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न विचारा. एवढ्या पैशांत होईल का? दोन बायकांना जमेल का? कुठलं मूल उठून जाईल का? मग ती यादी घेऊन शिजवणाऱ्या ताईंकडे जा आणि आधी त्यांचं ऐका. पाककृती त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

यादी तयार झाली की समितीच्या पुढच्या बैठकीत मांडा. त्या दिवशी मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवण जेवून या.