स्वभाव आणि संघ

बास्केटबॉलच्या धंदेवाईक संघात खेळाडू घेताना त्याचा स्वभाव कितपत पाहावा? आमच्या मते, आधी संघात त्यास सांभाळणारे वडीलधारे कोण आहेत ते पाहावे. डेनिस रॉडमन रिंगेवरून उसळलेला चेंडू पकडण्यात अद्वितीय, पण शिस्तीचे त्यास वावडे. १९९५ साली सॅन अँटोनिओने कंटाळून त्यास शिकागोच्या स्वाधीन केले व बदल्यात विल पर्ड्यू घेतला (बापडा गुणी, पण त्या तोलाचा नव्हे!). शिकागोत जॉर्डन व पिपेन यांचा दरारा होता, प्रशिक्षक फिल जॅक्सन यांचा धीरही होता. त्याच हंगामात ८२ पैकी ७२ सामने जिंकून शिकागो अजिंक्य ठरले. मनुष्य मात्र पालटला नव्हता. १९९७ च्या जानेवारीत एका छायाचित्रकारास लाथ मारून तो ११ सामन्यांस मुकला. तरीही त्या वर्षीचे अजिंक्यपद शिकागोकडेच राहिले, आणि पुढच्या वर्षीचेही.